कुलूपबंद प्रयोगशाळा

काशीचा राजा घाट अमृतराव पेशव्यांनी बांधविला. तो उभा राहिला पाथरवटांच्या हातांनी. त्याच काशीत १९१९ साली हिंदू विश्वविद्यालयाचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. तेथेही विद्या हातांतूनच उतरावयाची होती. आज मात्र कित्येक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी फेरिक क्लोराइडमध्ये एकही सर्किट बोर्ड न कोरता, स्वतः सोल्डरिंग न करता पदवीधर होतो. दोष केवळ पैशाचा नाही, आम्हा प्रशासकांच्या नियमांचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. उपकरण डेडस्टॉक रजिस्टरात आहे ना, एवढेच बहुधा तपासले जाते. ते किती तास चालले, हे कोण विचारतो? मोडले तर वसुली, कपाटात राहिले तर शेरा नाही! मग कुलूपच जिंकणार. म्हणून जळलेले सुटे भाग हा शिक्षणाचा रीतसर खर्च माना आणि तपासणीत वापराचे तास मोजा.