सात डब्यांचा हिशेब

मुलांच्या खेळण्यातील आगगाडी आणि लघुरेल्वे यांत एक मूलभूत भेद आहे. खेळण्यातील गाडीने धावावे, एवढीच अपेक्षा असते. लघुरेल्वे उभारणाऱ्याचे तेवढ्याने समाधान होत नाही. एखाद्या खऱ्या मार्गावर, एखाद्या खऱ्या वर्षी जे डबे ज्या क्रमाने धावले, तेच डबे त्याच क्रमाने आपल्या रुळांवर यावेत असा त्याचा ध्यास असतो. पुण्यातील जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयामुळे महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांना या छंदाची ओळख झाली आहे. मात्र जो स्वतः या छंदात उतरतो त्याला लवकरच उमगते की करवत, गोंद आणि रंग यांचे काम शेवटी येते. आधीचे काम कागदांचे आणि साक्षीपुराव्याचे असते. पेढीवर बसणाऱ्याला ते परके वाटू नये.

उदाहरणासाठी आपल्या सर्वांच्या परिचयाची दख्खनची राणी घ्यावी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १ जून १९३० रोजी मुंबई आणि पुणे या दोन शहरांना जोडणारी ही गाडी सुरू केली. तिच्यासाठी प्रत्येकी सात डब्यांचे दोन रेक सिद्ध करण्यात आले. डब्यांचे खालचे सांगाडे इंग्लंडमध्ये घडले आणि वरची बांधणी माटुंग्याच्या कारखान्यात झाली. एक रेक रुपेरी होता आणि त्यावर किरमिजी पट्ट्या होत्या. दुसरा गडद निळा होता आणि त्यावर सोनेरी रेघा होत्या. एवढी माहिती हाती आली की नवशिक्याला वाटते, काम संपले. आता सात डबे करावेत आणि रंगवावेत. वास्तविक काम येथूनच सुरू होते.

‘दख्खनच्या राणीला किती डबे होते?’ हा प्रश्न सरळ दिसतो. पण त्याला एकच उत्तर नाही. सात म्हणणारा खरा, बारा म्हणणारा खरा आणि सतरा म्हणणाराही खरा. तिघे एकमेकांना खोटे ठरवू लागले, तर वाद मिटणार नाही. कोणतेही विधान द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव या चार अपेक्षांनी तपासावे, असे जैन दर्शन सांगते. वस्तू कोणती, कोठे, केव्हा आणि कोणत्या अवस्थेत, हे निश्चित झाल्यावाचून ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणता येत नाही. आगगाडीच्या डब्यांचा शोध घेणाऱ्याला ही चतुःसूत्री फार उपयोगी पडते.

प्रथम काल. १९६६ साली राणीचे मूळ डबे काढून त्यांच्या जागी पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत बनलेले पोलादी डबे आले. त्याच वेळी डब्यांची संख्या सातावरून बारा झाली. पुढे ती सतरापर्यंत गेली. म्हणजे सात, बारा आणि सतरा हे एकाच गाडीचे तीन निरनिराळे काळ आहेत. सात डब्यांच्या गाडीत पेरांबूरचा एक पोलादी डबा मिसळला, तर जी गाडी तयार होते ती कोणत्याच काळातली नसते. म्हणून जाणता कारागीर आधी वर्ष ठरवतो, शक्य तर महिना ठरवतो, आणि मगच पहिल्या डब्याला हात घालतो.

दुसरे द्रव्य. येथे नावे फसवतात. प्रारंभी राणीला केवळ पहिला आणि दुसरा असे दोन वर्ग होते. १ जानेवारी १९४९ पासून पहिला वर्ग बंद झाला आणि जो दुसरा वर्ग होता त्यालाच ‘पहिला’ हे नाव मिळाले. जून १९५५ मध्ये या गाडीला प्रथमच तिसरा वर्ग जोडला गेला. एप्रिल १९७४ पासून त्या तिसऱ्या वर्गाला ‘दुसरा’ म्हणू लागले. परिणामी, १९३५ सालच्या तिकिटावरील ‘दुसरा वर्ग’ आणि १९८० सालच्या तिकिटावरील ‘दुसरा वर्ग’ यांत नावापलीकडे काहीही समान नाही. आसने निराळी, डबा निराळा, प्रवासीही निराळा. ज्याने केवळ नाव वाचून डबा घडवला, त्याने पाटी खरी लावली आणि वस्तू खोटी ठेवली. व्यापारात अशा मालाला काय म्हणतात, हे वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

तिसरे क्षेत्र. मुंबईच्या टोकाशी मार्ग संपतो. आलेली गाडी तेथे वळवली जात नाही. परतताना इंजिन दुसऱ्या टोकाला लागते आणि येताना जो डबा शेवटी होता तो जाताना पहिला होतो. म्हणून ‘इंजिनापासून तिसरा डबा भोजनाचा’ असे कोणी सांगितले, तर गाडी पुण्याकडे चालली होती की मुंबईकडे, हे विचारल्याशिवाय ती नोंद करता येत नाही. बोरघाटाचेही तसेच आहे. तेथील चढण सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे जाताना एक फूट वर. अशा चढणीसाठी जड गाड्यांना कर्जत येथे मागून रेटणारी इंजिने लावतात आणि घाटमाथ्यावर ती सोडवतात. एकच गाडी, एकाच दिवशी, कर्जतच्या अलीकडे एका रूपात असते आणि घाटात दुसऱ्या रूपात. ज्याला घाटाचा देखावा उभारायचा आहे आणि ज्याला पुण्याचा फलाट उभारायचा आहे, त्या दोघांच्या गाड्या सारख्या असू शकत नाहीत.

चौथा भाव, म्हणजे अवस्था: रंग, झीज, दुरुस्ती. येथे आधार छायाचित्रांचा; आणि छायाचित्रही साक्षीदारासारखेच आपल्या जागेवरून बोलते. जुन्या काळी वापरात असलेल्या काही फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. त्यांवर लाल काळा उमटे आणि निळा फिकट दिसे. अशा फिल्मवर टिपलेला निळा डबा आज पाहणाऱ्याला भलताच उजळ वाटू शकतो आणि किरमिजी पट्टी काळी भासू शकते. शिवाय जाहिरातीसाठी काढलेल्या चित्रात गाडी मुद्दाम सजवून उभी केलेली असते. फलाटावरून काढलेल्या चित्रात पुढचे दोन-तीन डबे दिसतात. संपूर्ण गाडी एका दृष्टिक्षेपात दिसते ती रुळांच्या वळणावरच. म्हणून वळणावरचे एक अस्पष्ट चित्र जाणकाराला स्थानकातील दहा स्वच्छ चित्रांहून मोलाचे वाटते.

कागदांचीही हीच गोष्ट. प्रवाशांसाठी छापलेले वेळापत्रक गाडीची वेळ आणि वर्ग सांगते, डब्यांचा क्रम सांगत नाही. रेल्वेच्या अंतर्गत आदेशपुस्तकात क्रम असतो. परंतु तो ठरवलेला क्रम असतो. एखादा डबा नादुरुस्त झाला, रेल्वेच्या बोलीत ‘सिक’ झाला, की त्या दिवशी त्याच्या जागी दुसराच डबा लागतो. आदेशपुस्तक ‘काय असावे’ हे सांगते, छायाचित्र ‘त्या क्षणी काय होते’ हे सांगते आणि माणसाची स्मृती ‘मनात काय उरले’ हे सांगते. एक आजोबा म्हणतात, राणीला तिसरा वर्ग कधीच नव्हता. त्यांचे स्नेही म्हणतात, आम्ही तर तिसऱ्या वर्गानेच जात होतो. दोघेही प्रामाणिक आहेत. एकाचा प्रवास जून १९५५ पूर्वी थांबला, दुसऱ्याचा त्यानंतर सुरू झाला. प्रत्येक साक्षीला तिची अपेक्षा जोडली की विरोध मावळतो. अनेकान्ताचा हा अभ्यास ग्रंथांबाहेर, घरच्या दिवाणखान्यातही होऊ शकतो.

एवढे करूनही काही जागा रिकाम्याच राहतात. सात डब्यांपैकी पाचांचा पुरावा मिळतो, दोघांचा मिळत नाही. येथे कारागिराची खरी कसोटी लागते. गाडी अपुरी ठेवणे डोळ्यांना रुचत नाही, आणि अंदाजाने भरलेला डबा इतका सुबक दिसतो की पाहणारा शंकाही घेत नाही. या ठिकाणी आपल्या जुन्या मुनिमांची रीत अनुकरणीय आहे. ज्या रकमेचा उलगडा होत नसे ती ते कोणाच्याही नावे टाकत नसत. उचंत खाते उघडून तेथे ठेवत आणि पुरावा मिळताच योग्य खात्यात वळवत. अंदाजाचा डबाही असाच उचंत खात्यात असावा. तो गाडीला अवश्य जोडावा. पण सोबतच्या वहीत स्वच्छ लिहावे की याचा आधार अनुमान आहे, प्रत्यक्ष पुरावा नव्हे.

तडजोडीही तितक्याच मोकळेपणाने लिहाव्यात. सत्त्याऐंशीस एक हे प्रमाण या छंदात सर्वाधिक रूढ आहे. त्या प्रमाणात पेरांबूरचा एक डबा सुमारे साडेचोवीस सेंटिमीटर लांब होतो. बारा डब्यांना तीन मीटर जागा लागते आणि सतरा डब्यांना चार मीटरांहून अधिक, इंजिन वेगळे. आपल्याकडील रुंद मार्गाचे अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे या प्रमाणात १९.३ मिलिमीटर. बाजारात मिळणारे रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचे, कारण ते परदेशातील १४३५ मिलिमीटरच्या मार्गावरून बेतलेले असतात. घराची भिंत आणि बाजारातील माल या दोन मर्यादा कोणालाही चुकत नाहीत. बारा डब्यांची गाडी जागेअभावी सहा डब्यांची करणे यात दोष नाही. सहा डब्यांची गाडी हीच मूळ गाडी म्हणून दाखवणे यात आहे.

एका खेळण्यासाठी एवढी काटेकोर वृत्ती कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, राणीचे मूळ डबे १९६६ साली सेवेतून गेले. त्या वर्षी विशीत असलेला प्रवासी आज ऐंशीच्या आसपास आहे. आणखी काही वर्षांनी त्या डब्यांत बसलेला एकही मनुष्य उरणार नाही. त्यानंतर जे पाहायला मिळेल ते चित्रांत आणि प्रतिकृतींत. एखाद्या प्रदर्शनातील प्रतिकृतीचे छायाचित्र कोणी काढील, दुसरा त्यावरून आपली गाडी रंगवील, तिसरा त्या दोन्ही गाड्यांना स्वतंत्र पुरावे समजेल. एका अंदाजाचे तीन साक्षीदार होतात आणि असत्य प्रतिष्ठित होते. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख तयार करणे, हा एक आहे. छंदातल्या एका डब्याला एवढा मोठा शब्द लावणे कठोर होईल. परंतु ज्या प्रमादातून कूटलेख जन्मतो, त्याचे बीज येथेही तेच आहे: ठाऊक नसलेले ठाऊक असल्यासारखे मांडणे.

या शोधात आपल्या व्यापारी घराण्यांकडून फार मोलाची मदत होऊ शकते. मुंबईच्या बाजाराशी ज्यांचा नित्य संबंध होता, त्यांच्या रोजमेळात गाडीभाड्याच्या नोंदी आहेत: तारीख, रक्कम, क्वचित वर्गही. रक्कम त्या वर्षीच्या भाडेपत्रकाशी ताडून पाहिली की वर्ग कळतो. पार्सलाची पावती सांगते की त्या गाडीने माल जात होता, म्हणजे तिला सामानासाठी जागा होती. अशी एकटी नोंद काही सिद्ध करीत नाही. परंतु दुसऱ्या पुराव्याचा ताळा तिच्यामुळे जुळतो.

मिती वाचताना मात्र सावध असावे. १ जून १९३० हा ज्येष्ठ महिन्यातील दिवस वीर निर्वाण संवत २४५६ मध्ये येतो. विक्रम संवताच्या हिशेबाने, कार्तिकापासून वर्ष धरणाऱ्या गुजराती चोपड्यात त्याचे वर्ष १९८६ असते, तर चैत्रापासून वर्ष धरणाऱ्या मारवाडी चोपड्यात १९८७. दोन घरांच्या दोन चोपड्यांत एक वर्षाचे अंतर दिसले, तर लगेच कोणालाही चुकीचे ठरवू नये. आधी त्या घराची रीत विचारावी.

दरवर्षी दिवाळीपूर्वी माळे झाडले जातात आणि जुने चोपडे रद्दीच्या काट्यावर चढतात. ज्या वहीचे कधीकाळी पूजन झाले तीच वही वजनावर विकली जाते. घरात जागा थोडी आहे आणि कागदांचाही परिग्रह होतो, हे खरे आहे. परंतु वही देण्यापूर्वी एक दिवस ती चाळावी. प्रवासखर्चाच्या, पार्सलाच्या, बिल्टीच्या पानांची छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येक चित्रासोबत गाव, पेढी आणि संवताची रीत लिहून ठेवावी. घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून विचारावे: कोणती गाडी, कोणते साल, कोणत्या दिशेला, कोणत्या वर्गात? त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे आणि त्याखाली तारीख घालावी. नातवंडांना हे काम दिले तर ते आनंदाने करतील, आणि आजोबांच्या तरुणपणाचा एक डबा त्यांच्या हाती लागेल, जो कोणत्याही दुकानात मिळत नाही.