चोवीस तासांचा आदेश आणि दहाची शिट्टी

दुकाने, उपाहारगृहे आणि खानावळी चोवीस तास उघड्या ठेवता येतील, असे राज्य शासनाने १ ऑक्टोबर २०२५ च्या शासन निर्णयाने पुन्हा एकदा सांगितले. पुन्हा म्हणायचे, कारण ही मुभा २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमातच होती आणि तो अधिनियम १९ डिसेंबर २०१७ पासून लागू आहे. अट एवढीच की प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी मिळाली पाहिजे. परमिट रूम, बिअर बार, वाईन शॉप यांना ही सवलत नाही. जवळजवळ आठ वर्षे अमलात असलेला कायदा अमलात आहे, हे सांगायला वेगळा कागद काढावा लागला, तो पोलीस आणि स्थानिक प्रशासन वेळेची बंधने घालतात अशा तक्रारी मंत्रालयापर्यंत पोचल्यामुळे. कागद निघाला. तालुक्याच्या गावांतून येणारी वाचकांची पत्रे मात्र सांगतात की ‘बंद करा’ सांगणारी रात्री दहाची शिट्टी अजून वाजतेच.

सुट्टीच्या ठिकाणी साखळी हॉटेल आणि गावातली खानावळ यांच्या स्पर्धेविषयी व्यवसायात जे बोलले जाते ते बहुतेक चवीविषयी असते. आमच्या पाटवडी-रस्स्यापुढे त्यांचा पिझ्झा काय, असे गल्ल्यावर बसून म्हणणे सोपे आहे आणि ते बरेचसे खरेही आहे. पण कुटुंब घेऊन निघालेले गिऱ्हाईक चवीपाशी पोचण्याआधीच निर्णय घेऊन मोकळे होते. हॉटेल उघडे आहे का, स्वच्छतागृह कसे आहे, भाव लिहिलेला आहे का, पक्के बिल मिळेल का, एवढे पाहून गाडी थांबते किंवा पुढे जाते. यातल्या पहिल्या आणि शेवटच्या मुद्द्यावर स्थानिक व्यावसायिक आज विनाकारण हरतो आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे या दृष्टीने पाहण्याजोगे ठिकाण आहे. विदर्भातील अष्टविनायकांपैकी चिंतामणी येथे आहे. मंदिर रस्त्याच्या पातळीच्या बरेच खाली, पायऱ्या उतरून जायचे. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा-कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला आणि नागपूर-तुळजापूर राष्ट्रीय महामार्गही याच बाजूने जातो. केळझर, कळंब आणि भद्रावती ही तीन गणेशस्थाने धरून पुढे ताडोबा, किंवा कळंबहून पांढरकवड्याकडे उतरून टिपेश्वर अभयारण्य, अशी दोन-तीन दिवसांची सहल आता विदर्भातली कुटुंबे करतात. देवदर्शन आणि सफारी एकाच गाडीत बसतात. अशा गिऱ्हाइकाचे एक जेवण कळंबात होण्यासारखे असते. ते होते की नाही, हे घड्याळ ठरवते.

संकष्टीचा दिवस घ्यावा. दिवसभर उपास, संध्याकाळी दर्शन, आणि चंद्रोदय झाल्यावर जेवण. वद्य चतुर्थीचा चंद्र ऋतुमानाप्रमाणे साडेआठ ते दहाच्या आसपास उगवतो. साडेनऊचा चंद्रोदय असेल तर नैवेद्य दाखवून, आरती करून माणूस पानावर बसेपर्यंत पावणेदहा होतात. वरण-भात, पोळी, वांग्याची भाजी आणि मोदक असे साधे पान वाढले, पहिला भात संपून दुसरा घ्यायची वेळ आली, की बाहेर शिट्टी. शटर अर्धे खाली ओढायचे, बाहेरचे दिवे घालवायचे आणि आत बसलेल्यांना लवकर आटपा म्हणायचे. संकष्टी सोडायला आलेल्या म्हातारीला घास गिळायची घाई करायला लावणारा हा नियम कोणत्या कायद्यात आहे, याचे उत्तर शिट्टी वाजवणाऱ्याकडे नसते. ‘वरून तोंडी आहे’ एवढेच उत्तर मिळते. तक्रारदारांची गावे वेगवेगळी आहेत, उत्तर मात्र सगळीकडे शब्दशः तेच.

यातली खरी गंमत पुढे आहे. २०१७ च्या अधिनियमात नोंदणीचे बंधन ज्या आस्थापनांवर घातले गेले त्या दहा किंवा अधिक कामगार असलेल्या. दहाच्या आतल्यांनी केवळ व्यवसाय सुरू केल्याची सूचना द्यायची होती. नवरा-बायको, एक आचारी, दोन पोरे आणि भांड्याला एक बाई, एवढ्यावर चालणाऱ्या भोजनालयाला नोंदणीसुद्धा लागू नव्हती. म्हणजे कायद्याने ज्या खानावळीची नीट दखलही घेतली नाही, तिलाच तोंडी सांगण्यावरून दहाला बंद करायला लावले जाते. चौपदरी रस्त्यावरच्या साखळी हॉटेलच्या व्यवस्थापकाकडे मात्र शासन निर्णयाची प्रत, तीन पाळ्यांचा हजेरीपट आणि मुख्य कार्यालयातल्या वकिलाचा फोन नंबर असतो. त्याच्या दारात कोणी शिट्टी वाजवत नाही. आदेश दोघांना सारखाच आहे. पण तो ड्रॉवरमध्ये एकाच्याच आहे.

हा दोष अधिकाऱ्यांचा खराच, पण निम्मा व्यावसायिकाचाही आहे. शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्याची एक छापील प्रत भिंतीवर, दरपत्रकाशेजारी लावायला दहा रुपये पडतात. कामगारांच्या साप्ताहिक सुट्टीची वही ठेवायला तर तेवढेही नाहीत. ही वही नसेल तर अट पाळल्याचा पुरावा नाही, आणि पुरावा नसेल तर हुज्जत घालण्याला अर्थ नाही. पोरगा महिनाभर एकही सुट्टी न घेता राबतो आणि मालक चोवीस तासांचा हक्क सांगतो, हे चालणार नाही, चालूही नये.

वेळेचा मुद्दा रात्रीपुरता नाही. टिपेश्वरची सफारी उन्हाळ्यात भल्या पहाटे सुटते. सुन्ना फाटकाकडे जाणारी कुटुंबे अंधारातच निघतात आणि त्या वेळी वाटेवर चहाची भट्टीसुद्धा पेटलेली नसते. रिसॉर्ट मात्र खोक्यात सँडविच, उकडलेले अंडे आणि ज्यूसची डबी भरून देते. साखळी रिसॉर्टचा धंदा या ‘मील प्लॅन’वर उभा आहे: खोलीच्या भाड्यातच नाश्ता आणि एक-दोन जेवणे. एकदा पैसे भरले की गिऱ्हाईक फाटकाबाहेर जेवायला येत नाही. पैसे फुकट जातील, ही भीती त्याला आत डांबते. सुट्टीच्या ठिकाणी साखळी म्हणजे चौकातला बर्गर नव्हे; खरी साखळी म्हणजे हा प्लॅन. ताडोबाच्या मोहर्ली फाटकाजवळच्या खानावळींत जेवणारे बरेचसे जिप्सीचे चालक, गाइड आणि पाहुण्यांच्या गाड्यांचे ड्रायव्हर असतात, याचे कारण हेच. पाहुणा रिसॉर्टमध्ये, त्याचा ड्रायव्हर खानावळीत. ड्रायव्हर चांगले जेवतो, हे वेगळे सांगायला नको.

२२ सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलाने हा प्लॅन आणखी स्वस्त झाला. दिवसाला साडेसात हजारांपर्यंत भाड्याच्या खोलीवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. इनपुट क्रेडिट गेले. खोलीत जेवण बांधलेले असेल तर ते खोलीच्याच दराने कर भरते. उलट साडेसात हजारांवर खोली विकणाऱ्या हॉटेलातील उपाहारगृह १ एप्रिल २०२५ पासूनच्या ‘स्पेसिफाइड प्रिमायसेस’च्या व्याख्येत येते आणि तिथे पानावर १८ टक्के कर लागतो. महागड्या रिसॉर्टमध्ये प्लॅनशिवाय जेवणाऱ्या पाहुण्याला बिलावर १८ टक्के आणि फाटकाबाहेरच्या भोजनालयात ५ टक्के, हा तेरा टक्क्यांचा फरक कोणत्याही स्थानिक पाटीवर लिहिलेला दिसत नाही. लिहायला हरकत कोणाचीच नाही.

आता जीएसटीची कंपोझिशन योजना. लहान गावांतल्या बऱ्याच भोजनालयांना करसल्लागारांनी कंपोझिशनमध्ये ढकलून ठेवले आहे आणि मालकांनी त्याचा हिशोब कधी मांडून पाहिलेला नाही. कंपोझिशनमधल्या उपाहारगृहाला एकूण उलाढालीवर ५ टक्के भरावे लागतात आणि ते गिऱ्हाइकाकडून घेता येत नाहीत. नियमित योजनेतल्या उपाहारगृहालाही दर ५ टक्केच, नोव्हेंबर २०१७ पासून, आणि इनपुट क्रेडिट दोघांनाही नाही. म्हणजे १९ किलोच्या सिलिंडरवर भरलेले १८ टक्के दोघांचेही पाण्यात. फरक इतकाच की नियमितवाला कर बिलावर लावू शकतो आणि कंपोझिशनवाला तो खिशातून भरतो.

यावर ठरलेला बचाव असा की १२० रुपयांच्या थाळीवर कोणी १२६ देत नाही. ठीक आहे, भाव १२० च ठेवावा, करासहित. नियमित योजनेत त्यातला कर ५ रुपये ७१ पैसे निघतो, कारण तो १२० मधून १०५ च्या प्रमाणात काढायचा. कंपोझिशनमध्ये पूर्ण १२० वर ५ टक्के म्हणजे ६ रुपये. गिऱ्हाइकाकडून एक पैसा जास्त न घेता थाळीमागे २९ पैसे वाचतात. वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीवर साडेनऊ हजार रुपये. विवरणपत्रांचा बाऊ करण्याचेही आता कारण नाही. पाच कोटींपर्यंतच्या उलाढालीला तिमाही विवरणपत्रांची सोय आहे. कर तेवढा दरमहा भरायचा. कंपोझिशनमध्येही सीएमपी-०८ तिमाहीच असतो. वीस लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्यांना नोंदणीच लागत नाही, त्यांचा इथे प्रश्न नाही.

शिवाय बिलाची बाजू आहे. कंपोझिशनवाल्याला करबीजक देता येत नाही. तो ‘बिल ऑफ सप्लाय’ देतो आणि त्यावर आपण कर वसूल करण्यास पात्र नाही, असे छापावे लागते. शाळेची सहल, बँकेच्या शाखेची सहल, कंपनीने काढलेली बस, यांना हिशोबाला जीएसटीचे बिल लागते. अशी पन्नास माणसांची बस कळंबात दर्शन घेते आणि जेवायला यवतमाळला किंवा वर्ध्याला निघून जाते, ती भाजी तिखट म्हणून नव्हे. योजनेतून बाहेर पडण्याचा सीएमपी-०४ अर्ज वर्षात केव्हाही करता येतो. ३१ मार्चची वाट आत शिरणाऱ्यांनी पाहायची असते.

बिनपैशाच्या सुधारणांतही स्थानिक व्यावसायिक मागे आहे, आणि त्याबद्दल त्याला शासनाकडे बोट दाखवता येणार नाही. ‘फॅमिली रूम’ची पाटी लावून आत पोत्यांची थप्पी. स्वच्छतागृहाची किल्ली मालकाच्या खिशात आणि मालक शेतावर. अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक बिलावर छापणे २०२२ च्या जानेवारीपासून बंधनकारक आहे, तो अजून कित्येकांच्या बिलावर नाही. काहींकडे बिलबुकच नाही. दहा किंवा त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्यांना पदार्थापुढे उष्मांक छापावे लागतात, स्थानिकाला ते माफ आहे. त्याला नुसता भाव छापायचा आहे, तरी तो छापत नाही. संकष्टीला आणि सुट्टीच्या दिवसांत थाळी वीस रुपयांनी चढते, हे गिऱ्हाइकाला पान उष्टे झाल्यावर कळते. असे एक कुटुंब दुखावले की त्यांच्या ओळखीची आणखी चार गाडी थांबवत नाहीत.

साखळीचा बागुलबुवाही थोडा आवरायला हवा. हल्दीराम हे नाव आज साखळीचे असले, तरी नागपुरात ते संत्रा बर्फी विकणारे गावचे दुकान म्हणूनच वाढले. शेगावच्या कचोरीने स्टेशनच्या फलाटावरून नाव कमावले. वर्ध्याच्या गोरस भांडारचा गोरसपाक घेण्यासाठी माणसे वाट वाकडी करतात. या तिन्ही ठिकाणी पदार्थ ठरलेला आहे आणि आज गेले काय, सहा महिन्यांनी गेले काय, चव तीच मिळते. मोठ्या रिसॉर्टचे मध्यवर्ती स्वयंपाकघर जे करते ते हेच, फक्त फ्रीजरच्या आधाराने. गावातल्या आचाऱ्याला भगर, शेंगदाण्याची आमटी, उकडीचे नसले तरी तळणीचे मोदक, आणि उपास नसलेल्यांसाठी भरीत-भाकर-ठेचा एवढे चारच पदार्थ वर्षभर एकसारखे करता आले, तर त्याला कोणाच्या ब्रॅंडची भीती बाळगण्याचे कारण नाही. बारा पानांचे मेनूकार्ड आणि त्यातल्या निम्म्या पदार्थांना ‘आज नाही’ हे आता पुरे.

तेव्हा संघटनेच्या सभासदांनी आणि सभासद नसलेल्यांनीही पुढची कामे याच महिन्यात उरकावीत. शासन निर्णयाची प्रत भिंतीवर लावावी. सुट्टीची वही सुरू करावी. करसल्लागाराकडे जाऊन वरचा २९ पैशांचा हिशोब त्याच्यासमोर मांडावा आणि उत्तर लेखी मागावे. पुढच्या संकष्टीला चंद्रोदयाची वेळ पंचांगात पाहून ती पाटीवर लिहावी आणि त्यानंतर दोन तास चूल चालू ठेवावी. कोणी बंद करायला सांगितले तर नम्रपणे लेखी आदेश मागावा. तो मिळाला तर त्याची प्रत, आणि नाकारला तर तारीख, वेळ व सांगणाऱ्याचा हुद्दा लिहून तालुका संघटनेकडे द्यावा. एकट्याने भांडू नये. पंधरा-वीस गावांतून असे कागद जमले की जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्यापुढे ते एकत्र ठेवता येतील. तोंडी तक्रारींचा ढीग कितीही मोठा झाला तरी त्याला आवक क्रमांक मिळत नाही.