मोटारीवरील डांबराचे डाग

पावसाळ्याने उखडलेले रस्ते आश्विन-कार्तिकात दुरुस्त होऊ लागले, म्हणजे नाशकातील मोटार बाळगणाऱ्या कुटुंबांतून आम्हांस एक प्रश्न हटकून विचारला जातो. त्यातच २०२७ सालच्या सिंहस्थासाठी शहरात रस्त्यांची मोठी कामे निघाल्यामुळे आता तो प्रश्न ऋतूचीही वाट पाहीनासा झाला आहे. मोटारीच्या दारांच्या खालच्या अंगास, विशेषतः चाकांच्या मागे, तिळाएवढे काळे ठिपके बसतात. ते पाण्याने जात नाहीत, साबणाने जात नाहीत. मग ते काढावे कसे?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु आमच्या परिचयाच्या एका घरी त्यापायी काय झाले, ते आम्ही पाहिले आहे. थोरल्या सुनेने स्वतःच्या पगारातून हप्ते भरून पांढरी मोटार घेतली होती. तिच्यावरील ठिपके पाहून धाकट्या दिराने सद्‌हेतूनेच भांडी घासावयाची हिरवी घासणी घेतली आणि वहिनी घरी येण्यापूर्वी दार स्वच्छ करून ठेवले. ठिपके गेले खरे, पण त्यांच्या जागी वीत-दीड वीत धुरकट ओरखड्यांचे जाळे राहिले. पुढे ते दार नव्याने रंगवावे लागले, आणि चार दिवस त्या घरात कोणी कोणाशी धड बोलेना.

मोटारीचा रंग म्हणजे एकच लेप नव्हे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. पत्र्यावर प्रथम गंजरोधक लेप, त्यावर अस्तर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांवर एक पारदर्शक कवच, अशी ही रचना असते. हे कवच साधारणपणे ४० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी जाडीचे. झळाळी त्याचीच, आणि उन्हापासून रंगाचे रक्षण करणारेही तेच. कारखान्यात हे लेप भट्टीत सुमारे १४० अंश सेंटिग्रेड किंवा त्याहूनही अधिक उष्णता देऊन पक्के करतात. मोटार एकदा तयार झाली, तिच्यात रबर, तारा, गाद्या बसल्या, म्हणजे तेवढी उष्णता पुन्हा देता येत नाही. यास्तव बाहेर रंगविलेल्या दारास मूळ रंगाची सर क्वचितच येते. जे एकदा घासून गेले, ते गेलेच.

आता डांबराकडे वळू. रस्त्यावरील डांबर हा खनिज तेल शुद्ध केल्यानंतर तळाशी उरणारा घट्ट, काळा अवशेष होय. त्यास आपण घन समजतो, परंतु त्याच्या जातीचे पदार्थ वस्तुतः अत्यंत मंदगती द्रव असतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात १९२७ साली प्राध्यापक थॉमस पार्नेल यांनी नरसाळ्यात अशाच एका पदार्थाचा गोळा ठेवला. त्यातून थेंब पडावयास वर्षानुवर्षे लागतात. नववा थेंब २०१४ साली गळाला! तापलेल्या रस्त्यावर मात्र डांबराचा हा आळस उतरतो. ते मऊ होऊन चाकास चिकटते, चाकावरून उडून पत्र्यावर बसते, आणि तेथे उन्हाने दिवसेंदिवस अधिकच घट्ट धरते. म्हणून डाग आठवड्याच्या आत काढावा. जुना डागही निघतो. मात्र त्यास वेळ द्यावा लागतो.

मुख्य सूत्र असे की, डांबर घासून काढावयाचे नसते, विरघळवून काढावयाचे असते. आयुर्वेदात समानाने समानाची वृद्धी होते असे म्हणतात. येथे समान समानास विरघळविते. डांबर तेलाच्या कुळातले, म्हणून त्यास तेलकट द्रावकच चालते. पाण्याशी त्याचे गोत्रच जुळत नाही.

मोटार सावलीत उभी करावी आणि पत्रा थंड होऊ द्यावा. प्रथम भरपूर पाण्याने धूळ-चिखल धुऊन टाकावा. ही पायरी गाळून जे थेट पुसू लागतात, ते धुळीच्या कणांनीच कवचावर रेघा ओढतात. नंतर मोटारीच्या सामानाच्या दुकानात डांबर काढण्याचे जे तयार द्रावण मिळते, ते मऊ सुती फडक्यावर घेऊन दाराच्या खालच्या कडेस, सहजी न दिसणाऱ्या जागी, लावून पाहावे. रंग फडक्यास लागला नाही, तर भिजलेले फडके डागावर मिनिटभर नुसते धरून ठेवावे. ठिपक्याभोवती तपकिरी ओघळ दिसू लागला की काम झाले. मग दाब न देता एकाच दिशेने हलके पुसावे, आणि दर वेळी फडक्याची घडी पालटून स्वच्छ बाजू पुढे आणावी. पुसलेले डांबर पुन्हा पसरू नये म्हणून हे सारे जपावयाचे. एका वेळी निघाले नाही, तर पुन्हा भिजवावे. नख, नाणे, सुरी, काथ्या यांपैकी कशासही मध्ये घेऊ नये. शेवटी मोटारीच्या शांपूने तेवढा भाग धुवावा व मेण लावावे, कारण द्रावकाबरोबर आधीचे मेणही निघून गेलेले असते.

तयार द्रावण हाताशी नसेल, तर थोडे रॉकेल किंवा टर्पेंटाईन चालते. पण ते फार वेळ राहू देऊ नये. स्वयंपाकघरातील गोडे तेल अथवा खोबरेल हा सर्वांत सौम्य उपाय. ताजा डाग दहा-पंधरा मिनिटांत त्याने सैल पडतो. स्नेह या शब्दाचे तेल व माया असे दोन अर्थ आमच्या पूर्वजांनी उगाच ठेवले नाहीत.

पेट्रोलाविषयी मात्र आम्ही स्पष्टच सांगतो, ते घरात आणू नये. मोटारवाले बोळा भिजवून सर्रास पुसतात हे खरे. पण पेट्रोलाची वाफ थंडीतही उठते, हवेहून जड असल्याने जमिनीलगत सरपटत जाते, आणि अंगणातून ओसरीवर व तेथून देवघरातील समईपर्यंत किंवा शेगडीपर्यंत पोहोचावयास तिला कोणाची परवानगी लागत नाही. मुलेबाळे वावरणाऱ्या घरात पाच ठिपक्यांसाठी हा धोका कोण पत्करील? थिनर आगीस तितकेच धार्जिणे असून रंगासही मारक आहे.

पुढच्या दिव्यांची काच आता काच नसते, प्लास्टिक असते. द्रावकाने त्यात बारीक तडे जातात. तेथे खाद्यतेलावरच भागवावे. नुकत्याच रंगविलेल्या भागास निदान महिनाभर कोणतेही द्रावक लावू नये. रस्त्यावरील पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचा रंग उडाला असेल, तर तो डांबर नव्हे व या उपायाने जाणार नाही; तेथे जाणत्या कारागिराकडेच जावे.

जवसाचे तेल वापरण्याची जुनी रीत कोठे कोठे अद्याप आहे. ते वापरल्यास फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. हे तेल हवेत सुकताना तापते आणि चोळामोळा केलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ती पाण्यात भिजवून अंगणात एकेक पसरून वाळवावीत.