बारदानाची पारख

धान्याची पारख हा आम्हां व्यापाऱ्यांचा अंगभूत गुण समजला जातो. मूठभर तूर हातात घेतली की तिचा ओलावा, तिचे जुनेपण आणि तिच्यातील भेसळ अनुभवी माणूस तात्काळ सांगतो. परंतु ज्या बारदानात ते धान्य भरावयाचे, त्याची पारख मात्र आपण करीत नाही. पोत्याच्या आत घालावयाच्या प्लास्टिकच्या पिशव्या घेताना आपण दोनच प्रश्न विचारतो : जाडी किती मायक्रॉन आणि किलोचा भाव काय? हे दोन प्रश्न पुरेसे नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत बनण्यास एक कडू अनुभव कारण झाला. एका पावसाळ्यात नेहमीच्याच जाडीच्या, पण भावाने स्वस्त अशा पिशव्या मी घेतल्या. थप्पी लागताच त्यांतील कित्येक बाजूने फाटल्या व आतील हरभऱ्याला दमटपणा आला. जाडी मोजून पाहिली. ती बरोबर होती. तेव्हा दोष जाडीत नसून द्रव्यात असावा, असे वाटून मी जाणकारांकडे चौकशी केली.

पॉलिथिलीनचे रेणू म्हणजे हजारो कड्यांच्या लांबच लांब साखळ्या होत. १९३३ साली इंग्लंडात गिब्सन व फॉसेट या रसायनशास्त्रज्ञांना प्रचंड दाबाखाली हे द्रव्य मिळाले. त्या रीतीने होणाऱ्या साखळ्यांना लांब व आखूड अशा दोन्ही प्रकारच्या फांद्या फुटतात. १९५३ साली जर्मनीत कार्ल झीग्लर यांनी कमी दाबाची रीत शोधली. तिच्यातील साखळ्या जवळजवळ सरळ असतात. सरळ साखळ्या दाटीने बसतात, म्हणून ते द्रव्य कडक. फांद्यांच्या साखळ्या विरळ बसतात, म्हणून ते मऊ. पुढे सरळ कण्यावर केवळ आखूड फांद्या ठेवलेला तिसरा प्रकारही निघाला.

पिशवी करताना वितळलेल्या द्रव्याचा हवेने फुगा फुगवितात. लांब फांद्यांचे द्रव्य यंत्राच्या मळसूत्राने जोराने ढकलले की पातळ होऊन सहज वाहते. पण तेच ताणले असता उलट घट्ट होत जाते. म्हणून त्याचा फुगा डगमगत नाही. केवळ आखूड फांद्यांच्या द्रव्यास हा गुण नाही. त्याला यंत्राचा जोर अधिक लागतो व फुगाही सांभाळावा लागतो. परंतु त्याची पिशवी टोचण्या-फाटण्याला सहजासहजी दाद देत नाही. म्हणजे कारखान्याला जे सोयीचे, तेच वखारीत टिकाऊ ठरेल असे नव्हे. यास्तव या दोहोंचे प्रमाणशीर मिश्रण करण्याची चाल आहे, आणि ते प्रमाण विचारणे हा आपला हक्क आहे.

या व्यवसायात 'मेल्ट फ्लो इंडेक्स' नावाचा एक आकडा चालतो. १९० अंश सेल्सिअस उष्णतेस २.१६ किलो भाराखाली १० मिनिटांत किती ग्रॅम द्रव्य छिद्रातून बाहेर येते, ते तो सांगतो. आकडा उपयोगाचा खरा. पण एकच आकडा असलेली दोन द्रव्ये, एक सरळ व दुसरे फांद्यांचे, यंत्रात अगदी निराळी वागतात. केवळ वजनावरून गव्हाची प्रत ठरविण्यासारखाच हा प्रकार! त्यातच जुने प्लास्टिक पुन्हा पुन्हा वितळविल्याने काही साखळ्या तुटतात, तर काही एकमेकींस जोडल्या जाऊन गाठी होतात. आणि पातळ पिशवी फाटावयास अशी एक गाठ पुरते.

कोणी म्हणेल, व्यापाऱ्यास रसायनशास्त्राशी काय कर्तव्य? गणित करावयास नको. विचारावयास मात्र हवे. द्रव्य कोणते, मिश्रणाचे प्रमाण किती, माल नवा की जुना वितळविलेला, हे बिलावर लिहून घ्यावे. नमुन्याच्या दहा-पाच पिशव्या भरून, खांद्याच्या उंचीवरून टाकून पाहाव्यात व मगच सौदा करावा. एकट्या-दुकट्या दुकानदाराचे कारखानदार ऐकणार नाही. आपल्या संघाने सर्वांची एकत्र मागणी नोंदविली, तर त्यास ऐकावेच लागेल.

यात केवळ पैशाचा प्रश्न नाही. भिजलेल्या धान्यात किडे पडतात, व ते धान्य निवडताना नकळत हिंसा घडते. फाटलेली पिशवी उकिरड्यावर जाते आणि तेथून गाईच्या पोटात. अहिंसेचा उच्चार आपण मंदिरात नित्य करतो. तिचा थोडा आचार बारदानाच्या खरेदीतही व्हावा, एवढीच माझी सर्व बंधु-भगिनींस नम्र विनंती आहे.