घाव म्हणजे टांकसाळीची चूक नव्हे

१. छाप एका बाजूला सरकलेली, अक्षरे अर्धवट असलेली शिवराई दिसली की ‘टांकसाळीची दुर्मीळ चूक’ म्हणून तिची किंमत फुगवली जाते. हा दावा अज्ञानावर उभा आहे.

२. शिवराई हाताने पाडली जात असे. खाली ठसा, त्यावर तांब्याची चकती, वर दुसरा ठसा आणि हातोड्याचा घाव. चकती बहुधा ठशाहून लहान असे. त्यामुळे ‘श्री राजा शिव’ किंवा ‘छत्रपति’ यांतील अक्षरे काठाबाहेर जाणे नित्याचेच होते. नित्याच्या गोष्टीला चूक कशी म्हणावी?

३. १८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आणलेला रुपया यंत्रावर पडे. तेथे सरकलेली छाप ही खरी चूक ठरते.

४. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीच्या एका बाजूस नेहमीची छाप आणि दुसरीस तिचीच उलटी, खोलगट प्रतिमा उमटते. दोन नाणी एकमेकांवर दाबून हा प्रकार नकली करता येतो. पण तेथे चेपलेल्या मूळ छापेचे अवशेष उरतात. खऱ्या चुकीत ती छाप कधी उमटलेलीच नसते.

५. जुन्या चांदीच्या रुपयांवरील सराफांच्या खुणाही चुका नव्हेत. त्या पारखीचा पुरावा आहेत.

६. घावांना भाव मिळू लागला, तर अखंड शिवराईवर कानस चालवणारेही निपजतील. कानशीने गेलेले अक्षर कोणालाही परत आणता येणार नाही.