चार चेहरे, एक साबण

"पुरुषाला कसले आले आहे सौंदर्य? तो कर्तृत्वानेच शोभायचा!" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. चेहऱ्याला काही लावणे हे बायकांचे काम, अशी आमच्या आजोबांची ठाम समजूत. ही समजूत निरुपद्रवी आहे असे मलाही वाटत असे. वसतिगृहात राहायला आल्यावर माझे मत बदलले. ते का बदलले, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमच्या खोलीत आम्ही चौघे. साबणाची वडी मात्र एकच, वर्गणी काढून आणलेली. पहिला कोकणातला. दुपारच्या तासाला त्याचे कपाळ असे चमकते की प्राध्यापकांनी फळ्याऐवजी त्याच्याकडेच पाहावे! दुसरा माणदेशातला. थंडी पडली की त्याचे गाल पाऊस न झालेल्या रानासारखे भेगाळतात. तिसरा मी. माझे कपाळ, नाक आणि हनुवटी तेलकट, तर गाल कोरडे. म्हणजे एकाच चेहऱ्यावर कोकण आणि माणदेश शेजारी शेजारी! चौथ्याची कातडी नाजूक. दाढी केली रे केली की मानेवर लाल पुरळ उठलेच.

चार तऱ्हेचे चेहरे आणि सगळ्यांना एकच उपाय: साबणाने खसाखसा घासणे! वास्तविक आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तर साधा साबण अल्कधर्मी. दिवसातून पाच वेळा साबण लावल्याने तेलकट चेहरा सुधारत नाही, आणि कोरडा मात्र अधिक फाटतो. त्वचेतल्या तैलग्रंथींना पुरुषी संप्रेरकांमुळे जोर चढतो, म्हणूनच ऐन तारुण्यात मुलांना मुरमे येतात. मुरूम हा अस्वच्छतेचा पुरावा नव्हे, की मनातल्या विचारांचाही नव्हे!

खरे म्हणजे करायचे ते फार थोडे आहे. तेलकट चेहऱ्याच्या मित्राने दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉशने तोंड धुवावे, मुरमे फोडू नयेत आणि डोक्याचे तेल कपाळावर उतरू देऊ नये. कोरड्या त्वचेच्या मित्राने कढत पाण्याचा मोह सोडून कोमट पाणी घ्यावे आणि अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा साधे मॉइश्चरायझर लावावे. माझ्यासारख्या मिश्र चेहऱ्याच्या माणसाने मलम फक्त गालांना लावून बाकीचा भाग मोकळा ठेवावा. नाजूक त्वचेच्या मित्राने दाढी आंघोळीनंतर, धारदार पात्याने आणि केसांच्या दिशेने करावी. सुवासिक लोशनच्या वाटेस जाऊ नये. आणि परेडच्या मैदानावर उन्हात उभे राहणाऱ्या सर्वांनीच एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावावे. यात नटवेपणा तो कोठे आहे?

पण खरी गोष्ट पुढेच आहे. ती मी आमच्या चौथ्या मित्राच्या परवानगीने लिहीत आहे. स्नेहसंमेलनातील एकांकिकेत त्याला नायकाची भूमिका हवी होती. आवाज उत्तम, पाठांतर चोख. "जरा उजळ असतास तर..." असे कोणीतरी सहज बोलून गेले. बोलणारा विसरला; ऐकणारा विसरला नाही. त्याने औषधाच्या दुकानातून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून, एक ट्यूब आणली आणि गादीखाली दडवून ठेवली. रात्री दिवा गेला की तो ती लावी. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. मग एक दिवस ट्यूब संपली आणि चेहरा लालभडक झाला. आग होऊ लागली, पुरळ उठले. पुन्हा ट्यूब आणली की बरे वाटे, थांबवली की पुन्हा आग. तीन महिने तो तोंडाला रुमाल बांधून हिंडला. डॉक्टरांकडे जाईना, कारण "पोरगी आहेस काय?" असे कोणी म्हणेल ही भीती! अखेर आम्ही त्याला ओढत दवाखान्यात नेले, तेव्हा समजले की त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होते.

दरम्यान तीच ट्यूब कोकणातल्या मित्राने जांघेतल्या नायट्यावर लावली होती. स्टेरॉइडने खाज शमते, पण बुरशी मरत नाही. उलट त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे ती फोफावते. त्याचा नायटा पोटापर्यंत गेला. लावायला द्यायची अनेक स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला आहे. पण नियम कागदावर आणि ट्यूब गादीखाली, अशी आपली तऱ्हा!

बाजाराला आपली ही दुखरी जागा पक्की ठाऊक आहे. १९७५ साली आपल्याकडे बायकांसाठी गोरेपणाचे क्रीम निघाले. २००५ साली पुरुषांसाठीही निघाले. स्त्री-पुरुष समता आली ती अशी! वास्तविक सावळा रंग देणारे मेलॅनिन हे उन्हापासून रक्षण करणारे कवच आहे. विठ्ठलाचे सावळे रूप पाहून ज्यांचे डोळे भरून येतात, त्यांच्याच पोरांना आपला सावळा रंग आरशात बघवू नये, याला काय म्हणावे?

काही गुरुजन म्हणतील की विद्यार्थ्याने आरशापेक्षा पुस्तकात अधिक पाहावे. मान्य आहे. पण आमच्या मित्राला आरशाने बिघडवले नाही. बिघडवले ते लपवाछपवीने. दात दुखला तर आपण उघडपणे सांगतो, मग कातडी दुखली तर का लाजावे? माझे म्हणणे एवढेच, की पुरुषाने आपल्या त्वचेची जात ओळखावी, दुसऱ्याची ट्यूब लावू नये आणि शंका आली तर उजळ माथ्याने डॉक्टरांकडे जावे. महाविद्यालयात दरवर्षी वैद्यकीय तपासणी होते. त्या दिवशी डॉक्टरांनी मुलांशी तासभर या विषयावर बोलावे, अशी माझी प्राचार्यांना नम्र सूचना आहे.

आमचा मित्र आता बराच बरा आहे. गेल्या संमेलनात तो विंगेत बसून इतरांना संवाद सांगत होता. नायकासह सगळ्यांचे संवाद त्याला पाठ होते. यंदा भूमिका वाटताना संबंधितांनी आधी डोळे मिटून त्याचा आवाज ऐकावा, एवढीच विनंती.

— द्वितीय वर्ष, कला