हजेरी तिची, हिशेब तुमचा

ठाण्यात कोलशेत रोडवरच्या मोठ्या संकुलांत घरकामाला येणाऱ्या बायकांची हजेरी आता मोबाइलवर लागते. गेटवरच्या सिक्युरिटीच्या हातात फोन असतो. बाईने आपला कोड सांगायचा, त्याने तो दाबायचा, की वर बाविसाव्या मजल्यावर मालकिणीच्या फोनवर सूचना वाजते: आली. परत जाताना दुसरी सूचना: गेली. महिनाअखेरीला ॲपच्या कॅलेंडरवरचे हिरवे-लाल ठिपके मोजायचे आणि लाल ठिपक्यांचे पैसे कापायचे. आमच्या सोसायट्यांना या व्यवस्थेचा फार अभिमान आहे. मला तिची चीड येते.

हजेरीला माझा विरोध आहे असा अर्थ कुणी काढू नये. ठाण्यातल्या एका केमिकल कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी नोकरी केली. कोण किती वाजता आला, कुणाचा खाडा झाला, कुणाचा ओव्हरटाइम किती, हे लिहिण्यावरच माझं घर चाललं. म्हणूनच गेटवर जे चाललंय ते बघून गप्प बसवत नाही.

कोलशेत, बाळकुम, ढोकाळी हा सगळा पट्टा कारखान्यांचा होता. बायर होती, सॅन्डोझ होती, तिचंच पुढे क्लॅरियंट झालं. २०१० नंतरच्या काही वर्षांत या कंपन्यांनी इथल्या जमिनी विकल्या. एकट्या क्लॅरियंटचीच सुमारे ८७ एकर होती. भोंगे बंद झाले, टॉवर उभे राहिले. मनोरमा नगर, आझाद नगर, ढोकाळी या वस्त्यांतले पुरुष जिथे कार्ड पंच करून आत जायचे, त्याच रस्त्यावर आज त्या वस्त्यांतल्या बायका कोड सांगून आत जातात. दोघांचीही गेटवर नोंद झाली. फरक एवढाच की त्याच्या नोंदीतून त्याला हक्क मिळाला आणि तिच्या नोंदीतून फक्त तिचा पगार कापला जातो.

मस्टर मालकाचं असायचं, मालकाच्या कपाटात असायचं, तरी त्यावर कामगाराचा जीव अडकलेला असायचा, कारण कायद्याने तो त्याचाही पुरावा होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाप्रमाणे वर्षात २४० दिवस भरले की दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळायची. त्याच २४० दिवसांवर, कामावरून कमी केलं तर नुकसानभरपाई. त्याच हजेरीवरून पगारपत्रक, पगारपत्रकावरून प्रॉव्हिडंट फंड, ईएसआय, शेवटी ग्रॅच्युइटी. पगाराच्या दिवशी माझ्या खिडकीपुढे रांग लागायची. ‘साहेब, बारा तारखेला मी सेकंड शिफ्टला होतो, खाडा कसा लागला?’ आणि मला मस्टर उघडून, बोट ठेवून दाखवावं लागायचं. नाही दाखवलं तर युनियनचा माणूस यायचा. एकदा लेबर कोर्टात मी स्वतः मस्टर घेऊन गेलो आहे आणि माझ्याच अक्षरातल्या नोंदींवर मालकाची बाजू कोसळताना पाहिली आहे. हजेरी अशी असते. ती दोन्ही बाजूंनी वाचता येते.

गेटवरचं ॲप एकाच बाजूने वाचता येतं. कॅलेंडर मालकिणीच्या फोनवर. जिची हजेरी, तिला ते दिसत नाही. खाडा कुठला लागला हे तिला पगार हातात पडल्यावर कळतं.

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे दोन दिवस सकाळी नेटवर्क गेलं. सिक्युरिटीवाल्याने डोकं लावलं, जुनी लांबोडकी वही काढली आणि प्रत्येकीचं नाव, फ्लॅट नंबर, वेळ लिहून सही-अंगठा घेतला. महिनाअखेरीला आमच्याच मजल्यावर काम करणाऱ्या एका ताईंचे दोन दिवसांचे पैसे कापले गेले. त्या माझ्याकडे आल्या. ‘काका, मी आले होते हो. वहीत बघा.’ मी खाली जाऊन वही पाहिली. दोन्ही दिवशी आठला दहा कमी, खाली त्यांची वळणदार सही. शेजारणीला सांगितलं तर उत्तर आलं, ‘ॲपवर ॲबसेंट दिसतंय, मी काय करू?’ त्या दोन्ही दिवशी घासलेली भांडी त्यांच्याच ओट्यावर होती. त्यांनी त्यातच स्वयंपाक केला, त्यातच जेवल्या. स्वतःच्या स्वयंपाकघरापेक्षा फोनवरचा लाल ठिपका त्यांना खरा वाटला. पैसे शेवटी मिळाले, पण ते वहीतल्या नोंदीमुळे मिळाले नाहीत. फ्लॅटचा मालक असलेला एक माणूस मध्ये पडला म्हणून मिळाले. ज्या बाईच्या ओळखीत असा कुणी नाही तिचे गेले.

हे ॲप आलं तेव्हा काय सांगितलं होतं? सुरक्षा. अशी ॲप्स २०१६ च्या सुमारास बंगळुरूच्या स्टार्टअपांतून निघाली. २०२० च्या करोनात गेटवर तापमान आणि मास्क नोंदवायला म्हणून ती घराघरांत पोचली. अनोळखी माणूस आत येऊ नये, कोण कधी आलं-गेलं कळावं, एवढंच काम होतं. ते मला मान्य आहे. शेकडो घरांच्या संकुलात गेटवर नोंद हवीच, घरकामगारांची पोलीस पडताळणीही होऊ दे. पण सुरक्षेचं साधन हळूहळू पगार कापायचं साधन झालं आणि मग मार्क द्यायचं. वक्तशीरपणाला किती तारे, कामाला किती, वागणुकीला किती. पगारवाढीवरून वाद झाला की एका घराने दोन तारे द्यायचे आणि नवीन घर धरायला गेलेल्या बाईला पुढच्या घराने ते बघून नकार द्यायचा. तारे कुणी दिले, का दिले, हे तिला विचारायची सोय नाही. आमच्या कारखान्यात मेमो द्यायचा झाला तरी कामगाराचा खुलासा मागावा लागायचा. इथे खुलाशाची जागाच ठेवलेली नाही. यात सुरक्षा कुठे आहे ते मला सेक्रेटरींनी समजावून सांगावं.

आणि दुटप्पीपणा बघा. सोसायटीने ॲप आपल्या सोयीने वाकवलं तर ती व्यवस्था. गेटवरच्या माणसाने, कामवाल्या बाईने तेच केलं तर फसवणूक.

सकाळी आठला गेटवरची रांग रस्त्यावर येते. स्कूल बस, पाण्याचा टँकर, दहा मिनिटांत सामान पोचवायला निघालेली डिलिव्हरीची पोरं, सगळे एकदम. मालक अंघोळीला गेलेले, परवानगीचं बटण दाबायला फोनजवळ कुणी नाही. सिक्युरिटीवाला मग ओळखीच्या बायकांना स्वतःच आत सोडतो. त्यासाठी आमच्या कमिटीने एजन्सीला पत्र धाडलं: नियमभंग. पण एखाद्या मेंबरकडे वाढदिवसाला चाळीस पाहुणे येणार असले की इंटरकॉमवर एक वाक्य पुरतं, ‘सगळ्यांना सोड.’ त्या पत्रात हे लिहिलं गेलं नाही. जगाच्या येण्याजाण्याच्या वेळा टिपणारा हा माणूस स्वतः बारा तासांची ड्युटी करतो, हेही नाही.

दुसरं उदाहरण आमच्याच बिल्डिंगमधलं. दोन जावा, दोघी घरकाम करतात. एकीला ताप आला तर दुसरी तिच्या कोडवर येऊन तिची घरं करून जायची. कुठल्याच घराचं काम अडलं नाही. फोटो जुळत नाही हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि ग्रुपवर गदारोळ झाला: बनावट एंट्री, दोघींनाही बंद करा. मुंबईच्या गिरण्यांत यालाच बदली म्हणायचे. बदली कामगारांची कार्डं वेगळी असायची, त्यांच्या भरलेल्या दिवसांची नोंद व्हायची. कामगार आजारी पडतो हे गिरणीमालकांनाही ठाऊक होतं, म्हणून त्यांनी त्याची रीत बसवली. आमच्या टॉवरमधल्या शिकल्यासवरल्या माणसांना बाईला ताप येऊ शकतो हे सुचलं नाही. बदलीचा एक रकाना ॲपमध्ये मागून घ्या एवढंच मी कमिटीला म्हटलं होतं. अजून उत्तर नाही.

सगळ्यात संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. अठरा ते साठ वयाच्या घरकामगाराला मंडळाकडे नोंदणी करता येते. त्यासाठी लागणाऱ्या कागदांत मालकाचं प्रमाणपत्र आहे: ही बाई माझ्याकडे कामाला आहे, खाली सही. एप्रिल २०२१ मध्ये निर्बंध लागले तेव्हा राज्य सरकारने घरकामगारांना दीड हजार रुपये जाहीर केले, तेही नोंदणी असलेल्यांनाच. नोंदणी नसलेली बाई त्या यादीत नव्हती. तिची नोंदणी का नव्हती, तर अनेक घरांनी सही दिली नाही म्हणून. मी स्वतः कागद घेऊन आमच्या विंगमधल्या दारादारांत फिरलो आहे. ‘उगाच कायद्याची भानगड नको’, ‘उद्या काही मागायला लागली तर?’ ही उत्तरं मी माझ्या कानांनी ऐकली आहेत. त्याच घरांच्या फोनवर त्याच बाईच्या कित्येक महिन्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा मिनिटासकट पडून आहेत. सात मिनिटांच्या उशिराचा पुरावा जपायचा आणि सात वर्षांच्या कामाच्या कागदावर सही करायची नाही. याला माझ्या भाषेत लबाडी म्हणतात.

वरून कुणी येऊन हे मिटवेल, तोवर थांबा, असं मला सांगू नका. घरकामगारांच्या प्रतिष्ठेबद्दलचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा (आयएलओ) १८९ वा करार २०११ चा, भारताने अजून त्याला मंजुरी दिलेली नाही. २९ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याची गरज तपासायला समिती नेमा असं केंद्राला सांगितलं. समिती, अहवाल, मसुदा, सगळं होईल तेव्हा होईल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात, ज्याची माहिती त्याला ती मागण्याचा हक्क लिहिलेला आहे. पण धुणंभांड्याला चार घरं धावणारी बाई त्यासाठी कुणाचं दार ठोठावणार? आमच्या गेटवर मात्र हे उद्याच करता येतं. त्याला ना संसद लागते, ना कोर्ट.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तिच्यासाठी मी लेखी ठराव दिला आहे. दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक घरकामगाराला तिच्या हजेरीची छापील प्रत गेटवर मिळावी. नेटवर्क नसताना वहीत केलेली नोंद ॲपइतकीच ग्राह्य धरावी. बदलीची नोंद व्हावी. तारे बंद करावेत. आठवड्याला एक दिवस पगारी सुट्टी, आणि त्या दिवशी लाल ठिपका लागू नये. वर्षातून एक दिवस क्लब हाऊसमध्ये टेबल मांडून प्रत्येक घराने मंडळाच्या प्रमाणपत्रावर सही करावी. सेक्रेटरी म्हणाले, ‘काका, प्रिंटची सोय कंपनीने दिलेली नाही.’ मेंटेनन्सची बिलं आणि थकबाकीदारांची यादी त्याच ॲपमधून छापून दर महिन्याला नोटीस बोर्डावर लागते. ती सोय आहे.

सभेत हा विषय ‘इतर विषय, अध्यक्षांच्या परवानगीने’ या शेवटच्या ओळीत ढकलला तर मी जागचा उठणार नाही. आणि हात वर करून मोघम मतदान मला चालणार नाही. ज्यांना हे मान्य नाही त्यांची नावं फ्लॅट नंबरसकट इतिवृत्तात लिहा, आणि ते इतिवृत्त गेटवर, बायका कोड सांगायला उभ्या राहतात त्या खिडकीशेजारी, मराठीत लावा.